कुंडी चालवताना

वैशाख संपत आला की आईचा फोन येतो. ती इकडचं तिकडचं बोलत नाही. "तोरण्यावर ढग बसायला लागलेत गं. कुंड्या आत घ्यायला कधी येतीस?"

मी भोरला राहते, आई मार्गासनीच्या पुढे, गुंजवणीच्या खोऱ्यात. तिच्या अंगणातून एका अंगाला तोरणा दिसतो, दुसऱ्या अंगाला राजगड. वेल्हे तालुक्याला आता कागदोपत्री राजगड तालुका म्हणतात, पण आई एसटीच्या कंडक्टरला वेल्ह्याचंच नाव सांगते. चेलाडी फाट्यावरून वळलं, नसरापूर मागे टाकलं की तासाभराची वाट. अंतर काही फार नाही. फार होतं ते तिथे पोचल्यावरचं काम.

आमच्याकडचा पाऊस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना कुंड्या आत का घ्याव्या लागतात हे चटकन कळायचं नाही. आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. कौलांच्या पागोळ्या कुंडीत पडल्या की तळहाताएवढा खड्डा पडतो आणि माती अंगणभर वाहून जाते. मोगऱ्याची मुळं कुजतात, अबोली मान टाकते. म्हणून मृगाच्या आधी सगळ्या कुंड्या पडवीत घ्यायच्या आणि दसऱ्याला पुन्हा अंगणात आणायच्या. वर्षातून दोनदा ही बदली. आईच्या बावीस कुंड्या आहेत. त्यातल्या तेरा कुणीही उचलाव्यात अशा. उरलेल्या नऊ सिमेंटच्या, अठरा इंची. लिंबू, कढीपत्ता, दोन मोगरे, जास्वंद, सोनटक्का आणि आणखी तीन.

या नऊ कुंड्या दादांनी आणल्या होत्या. दादा म्हणजे माझे वडील. मुंबईत दाणाबंदराला त्यांनी माथाडी म्हणून उमेदीची सगळी वर्षं काढली. पुढे बाजार वाशीला गेला तेव्हा तिकडे. भोर, वेल्हा, जावळी, पाटण या डोंगराळ भागातली किती घरं त्या पाठींवर उभी राहिली, त्याचा हिशेब कुणी मांडलेला मला माहीत नाही, पण आमच्या गावातली जुनी कौलं मी बोट दाखवून सांगू शकते. माथाडी कायदा १९६९ सालचा. त्याच्या आधीची आणि नंतरची हमाली दादांनी दोन्ही पाहिली. आधी टोळीच्या मुकादमाच्या मर्जीवर दिवस सुटायचा, नंतर माथाडी मंडळात नाव लागलं, पगार हातात यायला लागला, प्रॉव्हिडंट फंड आला. दादा माथाडींची संघटना उभी करणाऱ्या अण्णासाहेब पाटलांचं नाव घेताना बसल्या जागी जरा सावरून बसायचे. पाठीवरची गोण मात्र बरीच वर्षं तीच राहिली. १०० किलोची.

दादा गेले त्याला आठ वर्षं झाली. ते होते तोवर कुंड्या हलवणं हे काम आहे असं आमच्या घरात कुणाला वाटलंच नाही. एके दिवशी सकाळी त्या अंगणात असायच्या, संध्याकाळी पडवीत. ते गेल्यावर पहिल्या वर्षी शेजारची दोन पोरं आली. दुसऱ्या वर्षी त्यातला एक शिरवळच्या कारखान्यात लागला. तिसऱ्या वर्षी दुसराही पुण्याला गेला. आता आळीत नांदती घरं सात आणि त्यातल्या पाचांत पन्नाशीच्या आतलं माणूस नाही. हे गाऱ्हाणं नाही. पोरांनी जायलाच हवं होतं, दादाही गेलेच होते. पण अंगणातली कुंडी त्यामुळे जास्त जड झाली, हेही खरं.

चार वर्षांपूर्वी लिंबाची कुंडी मी एकटीने उचलायला गेले. उचलली असं म्हणता येणार नाही, जेमतेम वीतभर सरकली, आणि माझ्या कंबरेत उसण भरली. तीन आठवडे भोरला पाठीवर पडून होते. त्या दिवसांत आईचा फोन आला. म्हणाली, "मी सांगितलंय एकाला. टेम्पो घेऊन येईल न् नऊच्या नऊ घेऊन जाईल. कशाला तुझ्या जिवाला घोर."

मला उसण सोसवली, ते वाक्य सोसवलं नाही. ऐंशीच्या घरातल्या बाईच्या दारात मोगरा का असू नये? तर म्हणे तो हलवायला माणूस नाही. त्या पडल्यापडल्याच मी ठरवलं की पुढच्या मृगाला या कुंड्या आईने स्वतः हलवायच्या. माझी वाट न बघता.

बरी झाल्यावर पहिलं काम केलं ते वजन करायचं. भोरच्या बाजारातून एक ताणकाटा आणला आणि आईच्या पडवीच्या वाशाला टांगला. दहा लिटरची बादली घेतली. कोरडी तांबडी माती भरली तेव्हा काटा बारावर गेला. तीच माती भिजवून, पाणी निथळू देऊन पुन्हा टांगली, तर सोळा. मग लिंबाची कुंडी रिकामी करायला घेतली. ते करायला दोन दिवस लागले. वरून माती निघाली, चार बादल्या. शेताच्या बांधावरची काळी चिकट माती तांबडीत मिसळलेली होती, उन्हाने तिची ढेकळं झाली होती आणि मुळं त्या ढेकळांना वळसा घालून कडेकडेने फिरत होती. त्याखाली दगडगोटे. बादलीभर. हे गोटे मीच घातले होते, पाण्याचा निचरा व्हावा म्हणून. सगळेच घालतात.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या गोट्यांनी माझी बरीच वर्षं फसवणूक केली. बारीक माती पाणी धरून ठेवते, अगदी स्पंजासारखी. तिच्याखाली जाड गोटे असले तर पाणी आपोआप त्या पोकळीत उतरतं असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. वरची माती अगदी चिंब होऊन तिला पाणी धरवेनासं होईपर्यंत ते खाली उतरायला तयार नसतं. म्हणजे गोट्यांच्या थरामुळे ओल खाली जायच्या ऐवजी वर, मुळांजवळ येऊन बसते. निचरा होतो तो कुंडीच्या बुडाला मोकळं भोक असलं की आणि माती भुसभुशीत असली की. भोकावर एक खापरीचा तुकडा ठेवला, माती वाहून जाऊ नये म्हणून, की पुरे. मी पंधरा-सोळा किलो दगड उगाच वर्षातून दोनदा अंगणातून पडवीत आणि पडवीतून अंगणात नेत होते.

बेरीज केली. रिकामी कुंडी ३० किलो. ओली माती चौसष्ट. गोटे सोळा. झाडाचं वजन धरलंच नाही. ११० किलो झाले. आकडा वहीवर लिहिला आणि मी तशीच बसून राहिले. दादांची गोण १०० किलोची होती. आईच्या दारात मी त्याहून जड नऊ गोणी स्वतःच्या हाताने भरून ठेवल्या होत्या.

दादा एक गोष्ट नेहमी सांगायचे. गोणीचं वजन उचलणारा ठरवत नाही, भरणारा ठरवतो. लहानपणी मला ते रागाने बोलल्यासारखं वाटायचं. नंतर कळलं की ते नुसतं कामाचं वर्णन होतं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली की पुरुषाने हाताने वाहायचं ओझं ५५ किलोच्या वर असू नये. आपल्याकडे धान्याची गोण ५० किलोवर यायला त्यानंतर बराच काळ जावा लागला, आणि आली तेव्हा दादांचे गुडघे कामातून गेले होते. गहू तोच, पाठ तीच. कुणीतरी भरताना हात आखडता घेतला, एवढाच फरक.

कुंडी भरणारी मीच होते. मग मला कोण अडवत होतं?

झाडाला कुंडीत काय लागतं याचा विचार करायला लागले तेव्हा दाभोळकरांची आठवण झाली. श्रीपाद अच्युत दाभोळकर, कोल्हापूरचे, 'प्रयोग परिवार'वाले. त्यांचं 'विपुलाच सृष्टी' आमच्या शाळेच्या ग्रंथालयात होतं आणि मी ते नोकरीत असताना दोनदा वाचलेलं होतं. पालापाचोळ्याकडे, काडीकचऱ्याकडे झाडाचं अन्न म्हणून बघायला मला त्यांनी शिकवलं. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशींनी गच्चीवर उसाची चिपाडं भरून त्यावर भाज्या आणि फळझाडं पिकवली, तीही याच वळणाची गोष्ट. नुसत्या मातीने कुंडी भरावी असं कुठल्या शास्त्रात लिहिलेलं नाही. मुळांना टेकायला जागा हवी, ओल हवी, आणि ओलीइतकीच हवा हवी. घट्ट दाबलेल्या मातीत हीच हवा राहत नाही.

शहरात लोक कोकोपीट वापरतात. चांगलं असतं. नारळाच्या सोडणातला तो भुसा, वीट भिजवली की टोपलंभर फुगतो. आधी दोनतीन पाण्यांनी धुऊन त्यातला खार काढावा लागतो. पण नारळाचा मुलूख आमचा नाही, आमचा भाताचा. वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी ही भाताची जात आली आणि आमच्या खोऱ्यात रुजली. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतो. गिरणीच्या मागे त्याचे ढीग पडलेले असतात. वाटेवरच्या गिरणीवाल्याला विचारलं, तर म्हणाला, "ताई, कितीबी न्या, गोणी तेवढ्या तुमच्या आणा." दहा लिटरची बादली तुसाने भरून टांगली तर काटा किलोभराच्या आसपास हलला. आईला वाटलं काटा बिघडला.

कच्चा तूस तसाच मातीत घालणं बरं नाही. कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो आणि झाड पिवळं पडतं. म्हणून तो अर्धवट जाळायचा. राख होऊ द्यायची नाही, कोळसा करायचा. तेलाचा जुना पत्र्याचा डबा घेतला, खिळ्याने त्याला चौफेर भोकं पाडली, वर धुराडं म्हणून पाइपाचा तुकडा बसवला. डब्यात काटक्या पेटवल्या आणि भोवती तुसाचा ढीग रचला. ज्वाळा दिसत नाही. ढीग आतून काळा होत येतो, काळे डाग वर उमटतात, मग फावड्याने बाहेरचा पिवळा तूस आत आणि आतला काळा बाहेर करत राहायचं. पांढरट व्हायला लागला की लगेच पाणी मारायचं, नाहीतर हातात राखच येते. पहिल्या खेपेला माझी निम्मी राख झाली.

आई पडवीत बसून बघत होती. धूर तिच्याकडे गेला तशी म्हणाली, "राबाचा वास येतोय." खरंच तसा येत होता. उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी वाफ्यावर शेण, पाला, काटक्या रचून भाजतात, तो वास. ती उठून आली, फावडं माझ्या हातातून घेतलं आणि ढीग असा परतायला लागली की जणू रोजचं काम. दुसऱ्या खेपेला एक चमचाभर राख झाली नाही.

मिश्रण असं बसवलं: एक वाटा तांबडी माती, एक वाटा मुरलेलं शेणखत, आणि दोन वाटे जळका तूस आणि कुजका पाला मिळून. भिजवून बादली टांगली. नऊ किलो. सोळाचे नऊ झाले. मोगरा, अबोली, जास्वंद यांच्या कुंड्यांत तळाशी नारळाच्या करवंट्या उपड्या घातल्या, म्हणजे तेवढी पोकळी फुकट मिळाली. करवंट्या काही गोट्यांसारखा निचरा करत नाहीत, पण वजन तरी घालत नाहीत. लिंबू आणि कढीपत्ता यांची मुळं खोल जातात, त्यांना पोकळी चालत नाही. त्यांच्यासाठी निळं पिंप मधून कापलं, बुडाला भोकं पाडली. आईला प्लॅस्टिक आवडत नाही, मातीच्या भांड्यासारखा त्याला घाम येत नाही म्हणते. तिचं बरोबरच आहे. पण सिमेंटचे तीस किलो गेले, ते तिने मान्य केलं.

या हलकेपणाची किंमतही मोजावी लागते. चैत्रात अशी कुंडी लवकर वाळते, सकाळ-संध्याकाळ पाणी मागते. वर्षभरात मिश्रण कुजून चार बोटं खाली बसतं, त्यावर भर घालावी लागते. आणि उंच झाड असलेली हलकी कुंडी वाऱ्याला आडवी होते. पहिल्याच वळवात लिंबू लोळला. मग त्या एका पिंपात तळाशी एक धोंडा परत घातला, या खेपेला जाणूनबुजून.

तरीही सिमेंटच्या सात कुंड्या भरून सत्तर किलोच्या आसपास राहिल्याच. सत्तर किलो आई उचलणार नाही, मीही नाही. चाकांचे स्टँड आणले होते. भोरला माझ्या गच्चीवर ते सुरेख फिरतात. (तिथे वेगळी काळजी: वापरायची गच्ची साधारणपणे चौरस मीटरला १५० किलो भार धरून बांधलेली असते, म्हणून जड कुंड्या मधोमध न ठेवता भिंतीच्या, तुळईच्या कडेने ठेवायच्या.) पण आईचं अंगण सारवलेलं. चाकं दोन वितींत रुतली आणि सारवणाचे पापुद्रे निघाले. आई काही बोलली नाही. तिने ते स्टँड ओटीवर नेऊन ठेवले आणि त्यांवर पाण्याचा हंडा ठेवायला सुरुवात केली.

मग एकदा मी कुंडीशी झटत असताना तिने मला बाजूला केलं. "उचलतीस कशाला? कुंडी उचलायची नसती. चालवायची असती."

तिने पदर खोचला. कुंडीच्या काठाला दोन्ही हात लावले, जरा स्वतःकडे कलती केली. कुंडीचं सगळं बूड जमिनीवरून सुटलं आणि फक्त काठाचा एक बिंदू टेकलेला राहिला. मग तिने हात नांगराच्या रुमण्यासारखा हळू फिरवला आणि कुंडी त्या बिंदूवर गिरकी घेऊन हातभर पुढे आली. पुन्हा गिरकी, पुन्हा हातभर. वजन सगळं जमीन पेलत होती, आई नुसता तोल धरून होती. मी विचारलं, कुठे शिकलीस? "रांजण असाच न्यायचो. जात्याची तळी न्यायची तर उभी करून गाड्याच्या चाकासारखी ढकलायची. उचलतं कोण?"

तिला ही युक्ती पन्नास-साठ वर्षं ठाऊक होती. तिने ती कधी काढली नाही, कारण ११० किलोची कुंडी कलती केली तर अंगावर येते. कुंडी सत्तरची झाली तेव्हा ती तिच्या विद्येच्या आवाक्यात आली.

अंगणातून पडवीत यायला एक पायरी आहे, वीतभर उंच. तिथे चालवणं संपतं. तिथे आम्ही सागाच्या दोन फळ्या उताराच्या टाकल्या. पायरीच्या तोंडाशी कुंडी कलती करायची, खाली दुहेरी गोणपाट सरकवायचं आणि ते गोणपाट वर ओढायचं. ओढायला पकड हवी. ती आईने कोनाड्यातून काढली. दादांचा आकडा. लाकडी मुठीला बसवलेला लोखंडी हूक, गोणीच्या कानात अडकवायचा. मूठ इतकी गुळगुळीत झालेली की तिच्यात बोटांच्या जागा दिसतात. त्यांची बोटं जाड होती, माझी त्या खाचांत सैल बसतात. आकडा गोणपाटाच्या कोपऱ्यात अडकवला, मागे रेलले, कुंडी वर आली.

आणखी एक गोष्ट आम्ही पाळतो. हलवायच्या आधी तीन दिवस पाणी द्यायचं नाही. एका कुंडीत दहा-पंधरा किलो नुसतं पाणीच असतं. इतकी सोपी गोष्ट, पण आधी आम्ही उलट करायचो, झाडाला त्रास नको म्हणून सकाळी भरपूर पाणी घालायचं आणि दुपारी ओढाताण करायची.

एकच गोष्ट आईने हलवू दिली नाही. अंगणातलं तुळशीवृंदावन. मी म्हटलं होतं की आता घडवतोयच सगळं तर तुळसही एखाद्या हलक्या कुंडीत घेऊ, पावसात आत आणता येईल. ती म्हणाली, "ती तिथंच राहील. भिजली तर भिजली." तिचं आजोळ वेळवंडी नदीच्या खोऱ्यातलं. १९२७ साली भाटघरचं धरण पुरं झालं, त्याच्या पाण्यात त्यांची वस्ती गेली. तिची आजी सांगायची, उठताना भांडी हलवली, गुरं हलवली, दाराच्या चौकटीसुद्धा काढून आणल्या. तुळशीची रोपं आणि ओंजळभर माती पदरात घेतली. दगडी वृंदावन तिथेच राहिलं. आता त्या जलाशयाला येसाजी कंकांचं नाव आहे, साडेतेवीस टीएमसी पाणी मावतं त्यात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कांबऱ्याचं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, लोक दर्शनाला जातात. आईही एकदा गेली होती. देवळापेक्षा जास्त वेळ ती गाळात इकडेतिकडे बघत होती, असं दादा सांगायचे. मी तुळशीचा विषय पुन्हा काढला नाही.

यंदा मला मे महिन्यात जायला जमलं नाही. घरात लग्न होतं. आईचा फोनही आला नाही, आणि लग्नाच्या गडबडीत ते माझ्या ध्यानात आलं नाही. मृग लागून चार दिवस झाले, पहिला जोरदार पाऊस पडून गेला, तेव्हा मी धावतपळत गेले. वाटेत मनातल्या मनात मोगरा मेलेला धरून चालले होते.

अंगण मोकळं होतं. कुंड्या पडवीत, भिंतीला लागून ओळीने. सोनटक्का खिडकीपाशी, तिथे त्याला थोडं ऊन मिळतं म्हणून. लिंबू कोपऱ्यात, वाऱ्याच्या आड. मी ठेवायचे त्यापेक्षा ही जागा चांगली होती. आई मागच्या दारी भांडी घासत होती, तिने नुसतं "आलीस?" म्हटलं.

पावसाने अंगण धुऊन निघालं होतं. पण पडवीच्या कौलांखाली, जिथे पागोळ्या पोचत नाहीत, तिथे सारवणावर खुणा शाबूत होत्या. पायरीवरच्या फळीपासून भिंतीपर्यंत एकापुढे एक कोरलेल्या चंद्रकोरी, हातभर अंतरावर, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. मधे एका जागी त्या थांबलेल्या दिसत होत्या, तिथे बूड पूर्ण टेकल्याचं गोल वर्तुळ होतं आणि शेजारी पाटाच्या चार पायांचे ठसे. तिथे ती बसली असणार, दम खायला. मग पुढे पुन्हा चंद्रकोरी.